भिंतीवर टांगलेला गुलाबराव

गुलाबरावचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. घरात घड्याळ नव्हतं, उठवायला कोणी नव्हतं. शरीराला सवय होती. बायको चांगुणा कूस बदलायच्या आत तो चूळ भरून बाहेर पडे आणि खामगावच्या रिकाम्या रस्त्यानं उत्तमराव मालकांच्या जिनिंगमध्ये पोचे.

बॉयलरपुढं उभं राहिल्यावर पहिलं काम पाण्याची काच. कंदील वर धरून तो काचेच्या नळीत पाणी किती ते पाही. दिसलं तरी विश्वास ठेवत नसे. खालची तोटी उघडून नळी झाडून घेई, पाणी पुन्हा चढताना पाही, मगच रात्री राखेखाली दाबून ठेवलेल्या आगीला हात लावी. सहा वाजेपर्यंत चाळीस पाट्या कोळसा. पाटी भरून फेकायची नाही, फावड्यानं पसरायची, म्हणजे आग सगळीकडं सारखी धरते. वाफेचा काटा जागेवर आला की भोंगा व्हायचा, पट्टे फिरायचे, आणि शंभर बायका सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांवर कापूस टाकायला बसायच्या. सरकी खाली पडे, रुई पुढं जाई. त्या आवारात जे काही हलत होतं ते गुलाबरावच्या आगीवर हलत होतं.

बॉयलरघराच्या भिंतीवर, काट्याच्या डाव्या हाताला, काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला होता. बॉयलर चालवण्याच्या लायकीचा सरकारी दाखला. वर फोटो, खाली साहेबाची सही, मध्ये नाव: गुलाबराव सोनाजी तायडे. नागपूर त्यानं दोनदा पाहिलं होतं. एकदा छप्पन साली दीक्षेच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा या परीक्षेला. जिनिंगमध्ये त्याला सगळे गुलब्या म्हणत. पूर्ण नाव फक्त त्या कागदावर होतं.

सहा वर्षं असं चाललं. पण जिनिंगचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. चैत्रात कापूस संपला की आग विझे, आणि गुलाबराव अर्ध्या पगारावर मालकांच्या मळ्याचं कुंपण बांधायला जाई. कुंपण तो नीट बांधी. तरी ते त्याचं काम नव्हतं.

सहासष्ट साली जळगाव जामोदला नवी तेलगिरणी उभी राहिली. बारा महिने चालणारी. गुलाबराव बसनं जाऊन मॅनेजरला भेटला. मॅनेजरनं त्याचे हात पाहिले, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "दोन कागद आणा. तुमचा लायकीचा दाखला, आणि जुन्या मालकाचं पत्र, की इतकी वर्षं काम केलं आणि अमुक तारखेला सोडलं. दिवाळीपर्यंत जागा तुमची."

गुलाबराव चौथी शिकलेला होता. राजीनामा त्यानं स्वतः लिहिला, महिन्याची नोटीस दिली आणि तो कागद रजिस्टर टपालानं पाठवला. जिनिंग घरापासून हाकेच्या अंतरावर, पण उत्तमराव तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरत. मुनीम रंगरावनं टपाल सही करून घेतलं. पोचेचं कार्ड गुलाबरावकडं परत आलं. ते त्यानं जपून ठेवलं.

नोटिशीच्या महिन्यात त्यानं बॉयलर आतून खरवडला. माणूस शिरेल एवढ्याच भोकातून आत सरकायचं, पालथं पडून छिन्नी-हातोड्यानं पत्र्यावर बसलेला क्षार ठोकून काढायचा. नाकातोंडात पांढरी धूळ. जाणारा माणूस हे काम पुढच्यावर टाकतो. त्यानं टाकलं नाही. शेवटच्या दिवशी हातपाय धुऊन तो कचेरीत गेला.

उत्तमराव गादीवर टेकून बसले होते. "काऊन बे, काय कमी होतं तुले इथं?"

"बारा महिने काम पाह्यजे, मालक."

"मंग आमचं कुंपन कोन बांधन?"

बाजूला बसलेला रंगराव हसला.

"माहा दाखला द्या," गुलाबराव म्हणाला, "आन सहा वर्सं काम केलं म्हून लिहून द्या."

"दाखला भिंतीवर हाये. भिंत माही हाये." उत्तमरावांनी पान लावायला घेतलं. "यंदाचा सीझन काढून दे. चैत्रात घेऊन जाजो."

"चैत्रापर्यंत तिथली जागा राह्यत नाही."

"मंग नको जाऊ. सोपं हाये."

गुलाबराव अकरा वेळा गेला. एकदा मालक मळ्यात होते, एकदा जेवायला बसले होते, एकदा बॉयलरघराची किल्ली सापडत नव्हती. अकराव्या वेळी रंगराव म्हणाला, "तू रोज येऊन राह्यला, पन चप्पल तुहीच झिजून राह्यली. आमाले काय?" त्यानंतर गुलाबराव गेला नाही.

दिवाळी झाली. जळगावच्या मॅनेजरचं पोस्टकार्ड आलं, की तूर्त अकोटचा एक जण ठेवला आहे, कागद मिळाले तर चैत्राच्या आत कळवा. खामगावात दुसरी जिनिंगं होती, पण दाखल्याशिवाय तिथं कोणी उभं करीना. हातात कसब असलेला माणूस नांदुरा रस्त्यावर खडी फोडायला बसला. जाणारे-येणारे ओळखीचे म्हणत, "काय मिस्त्री, इथं वाफ निंघून राह्यली का?" तो मान वर करत नसे. खडीही त्यानं मापात फोडली. मुकादमाला त्याच्या ढिगातून एक दगड परत फेकावा लागला नाही. पण प्रत्येक दगडावर त्याला उत्तमरावांचं तोंड दिसे, आणि म्हणून घाव बरोबर बसे.

घरात दोन लेकरं होती. हंगाम सुरू होताच चांगुणा त्याच जिनिंगमध्ये रेच्यावर गेली. पहिल्याच संध्याकाळी ती केसांतली रुई काढत म्हणाली, "तुमी तिथंच हा."

"काय म्हनते वं?"

"तुमचा फोटो हाये ना भिंतीवर. कालपासून बायलर निवृत्ती चालवून राह्यला. आन मुनीम रोजच्या वहीत तुमचंच नाव लिवते, तुमचीच सही ठोकते. निवृत्ती सांगे."

निवृत्ती म्हणजे वडनेर भोलजीचा कोळसा टाकणारा गडी. चाळिशीचा, तीन लेकरांचा बाप. त्याच्याकडं दाखला नव्हता. गुलाबराव हातातली भाकरी धरून बसला. मग हसला. राजीनाम्यानंतर तो पहिल्यांदा हसला आणि चांगुणाला ते हसणं आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाडा करून तो रेल्वेनं अकोल्याला मजूर कचेरीत गेला. तिथला कारकून शेषराव चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकत राहिला. रजिस्टरच्या पोचेचं कार्ड त्यानं उलटसुलट पाहिलं.

"हे कार्ड कोणी सांगतलं ठेवाले?"

"कोनी नाही."

"मंग तुम्हाले वकील नको." शेषरावनं कार्ड परत दिलं. "आयका. दाखला सरकारनं तुम्हाले देला, मालकाले नाही. तुम्ही कामावर हा तोवर तो भिंतीवर. काम सुटलं का तो तुमच्यासंगं जाते. अडवून ठेवाचा हक्क कोनालेच नाही. आन किती वर्सं काम केलं ते मालकाले लिहून द्या लागते. ते उपकार नाहीत. आता दुसरी गोष्ट. दाखलेवाला मानूस हजर नसन तर बायलर पेटवता येत नाही. तुमच्या नावावर दुसराच चालवून राह्यला आन उद्या काही झालं, तर नाव कोनाचं?"

"माहं."

"मंग नागपूरच्या बायलर साहेबाले लिहा. आजच लिहा."

गुलाबरावनं त्याच रात्री पत्र लिहिलं. कमी शब्दांत: अमुक तारखेपासून मी त्या बॉयलरवर नाही, माझ्या नावानं तो चालतो आहे, माझा दाखला अडकवला आहे, मी नांदुरा रस्त्यावर खडी फोडतो. पाकिटावर पत्ता घातला आणि पाकीट कोनाड्यात ठेवलं.

चार दिवस गेले, आठ गेले. पाकीट तिथंच.

"टाकत काऊन नाही?" चांगुणानं विचारलं.

"अजून कापूस आला नाही."

तिला समजायला वेळ लागला नाही. कार्तिकात आवारात दहा-वीस गाड्या असतात. पौषात रस्ता भरतो. तेव्हा एक दिवस बंद म्हणजे आत्ताचे दहा दिवस बंद.

"त्या बायलरपासून मी चाळीस पावलावर बसतो," ती म्हणाली. "हे ध्यानात हाये ना?"

"नको जाऊ मंग."

"नाही जात. लेकराईले तुमची खडी शिजवून घालतो."

पण पाकीट त्यानं कोनाड्यातून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं निवृत्तीला चहाच्या टपरीवर गाठलं. निवृत्ती दचकून उठला.

"मिस्त्री, माह्यावर राग नका धरू. मी म्हनलं मुनीमजीले, मले समजत नाही. तर ते म्हने, तू फक्त कोळसा टाक, बाकीचं कागद पाह्यते."

"कागद पाह्यते?"

"असंच म्हने. साहेब वर्षातून एकदा येते, भिंतीवरचा कागद पाह्यते, चहा पेते, जाते."

"पानी कोन पाह्यते?"

निवृत्तीनं नकारार्थी मान हलवली.

"हे पाय," गुलाबराव म्हणाला. "घंट्या-घंट्याले काच झाडत जा. आन काचेत पानी दिसलंच नाही तर पंप चालू करू नको. तापल्या पत्र्यावर थंड पानी पडलं का तुही हाडं जलंबच्या टेसनावर भेटतीन. आग वढून घे, बायाईले बाहीर काढ, आन लांब पय."

"अजून सांगा ना मिस्त्री."

"अजून नाही सांगत. सगळं शिकवलं तर मालक म्हनन, गुलब्या नसला तरी चालते."

तरी त्यानंतर रोज पहाटे तो उठून जिनिंगच्या मागच्या भिंतीला जाऊन उभा राही. आत जायची सोय नव्हती. पंपाचा ठोका ऐके, धुराचा रंग पाही. भोंगा झाला की खडीवर जाई. चांगुणाला हे माहीत होतं. तो राखण करतो की दबा धरून बसतो, हे तिला ठरवता येत नव्हतं.

पौष लागला. फाटकापासून पार वळणापर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या. गाडीवानांनी रस्त्याच्या कडेला चुली मांडल्या. उत्तमरावांनी ठरावीक तारखेला गाठी द्यायचा करार केला होता आणि रेचे दिवसरात्र चालू होते. गुलाबराव फाटकासमोरून एकदा चालत गेला, एकदा परत आला. मग पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं.

आठव्या दिवशी दुपारी नांदुरा रस्त्यावर एक जीप थांबली. आतून साहेबानं विचारलं, "गुलाबराव तायडे कोण?"

मुकादमानं बोट दाखवलं. गुलाबराव हातोडा खाली ठेवून उठला.

"मागे बसा."

फाटकाशी साहेबानं त्याला जीपमध्येच थांबायला सांगितलं आणि एकटाच बॉयलरघरात गेला. दार उघडं होतं. बोलणं जीपपर्यंत येत होतं.

"बॉयलर कोण चालवतं?"

रंगरावनं चौकटीकडं हात केला. "हे आमचे गुलाबराव, साहेब. सहा वर्षं झाली." त्या आवारात 'राव' तोंडानं पहिल्यांदाच निघालं होतं.

"आज कुठे आहेत?"

"बिमार आहेत. घरी आहेत."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "आजची सही तर आहे."

"सही केली आन मंग बिमार पडले, साहेब."

"आणि काल?"

"काल बरे होते."

"गुलाबराव," साहेबानं आवाज दिला, "आत या."

गुलाबराव आत गेला. डोक्यापासून पायापर्यंत दगडाची धूळ. निवृत्तीनं फावडं खाली ठेवलं. रंगराव वही मिटायला गेला, तर साहेबानं पानावर बोट ठेवलं. तेवढ्यात उत्तमराव धोतर सावरत आले.

"हा आपलाच मानूस हाये, साहेब. घरातला."

गुलाबरावनं पोचेचं कार्ड साहेबाच्या हातात दिलं. "सही मुनीमजीची हाये. तारीख पाहा."

साहेबानं तारीख पाहिली, वही पाहिली, मग पाण्याची काच पाहिली. "आग ओढा. बॉयलर बंद."

निवृत्तीनं मालकांकडं पाहिलं. उत्तमराव साहेबांकडं पाहत म्हणाले, "बाहीर दीडशे गाड्या हाये, साहेब."

"मी ओढतो," गुलाबराव म्हणाला. "दाखला माहा हाये." साहेबानं मान हलवली.

त्यानं धुराड्याची झडप हवी तेवढी खाली घेतली, लांब आकडी घेतली आणि आग पुढं ओढायला लागला. आग ओढणं घाईचं काम नाही. धसमुसळेपणा केला तर जाळ अंगावर येतो. मागचा निखारा आधी, कडेचा मग. त्यानं सगळी आग स्वच्छ ओढली, भट्टीत कणी ठेवली नाही. त्या सहा वर्षांत एवढं मन लावून त्यानं आग पेटवलीही नव्हती. पट्टे मंद झाले, थांबले. रेच्यांच्या खोलीतून बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांत चांगुणा होती.

उत्तमराव जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "उद्यापासून ये. दुप्पट देतो. बारा महिने देतो."

"मी कायले? भिंतीवर हाये ना मानूस. त्याले लावा कोळसा टाकाले."

साहेबानं चौकट खिळ्यावरून काढून त्याला दिली. रंगराव म्हणाला, "चौकट जिनिंगची हाये." गुलाबरावनं तिथंच उकिडवं बसून मागचे खिळे वाकवले, कागद काढून घेतला आणि काचेवरची काजळी बाहीनं पुसून चौकट परत केली.

मग कचेरीत पत्र. रंगरावनं आधी पाच वर्षं लिहिलं. गुलाबरावनं परत लिहायला लावलं. दुसऱ्यांदा काम सोडल्याची तारीख चुकली. परत. तिसऱ्यांदा नुसतंच गुलाब लिहिलं होतं.

"नाव पूर्ण लिहा, मुनीमजी. भिंतीवर पूर्ण होतं."

चौथ्या कागदावर उत्तमरावांनी सही केली. गुलाबराव ती वाळेपर्यंत उभा राहिला.

जिनिंग नऊ दिवस बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी गुलाबराव फाटकासमोर जाऊन बसला. गाड्या वळून दुसऱ्या जिनिंगांकडं जायला लागल्या होत्या. बैलांची तोंडं फिरताना तो एकेक गाडी पाहत होता. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला. करार मोडला, मालक अकोल्याला दाखलेवाला माणूस शोधत फिरतात, असं ऐकू आलं. त्याला आत कुठंतरी गार वाटलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

पण शंभर बायका घरी होत्या. शेजारची भिमाबाई रेच्यावर चांगुणाच्या बाजूला बसायची. ती नळावर मोठ्यानं म्हणाली, "कोनाच्या घरात कागद आला, आन आमच्या चुलीतला इस्तू गेला." चांगुणानं घागर भरली आणि घरी आली. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "कार्तिकातच टाकलं असतं तर दोन दिवसांत उरकलं असतं. तुमाले कागद नव्हता पाह्यजे. तुमाले तमाशा पाह्यजे होता."

"दोन्ही पाह्यजे होतं."

"आन निवृत्तीले?"

निवृत्तीला रंगरावनं त्याच संध्याकाळी हाकललं होतं. साहेबापुढं तोंड पाडून उभा राहिला, एवढाच त्याचा गुन्हा. तो वडनेरला परत गेला आणि लोकांच्या तुरी कापायला लागला.

मालकाचं नुकसान गुलाबरावनं ठरवून केलं होतं. निवृत्तीचं त्यानं ठरवलं नव्हतं. तेच त्याच्या अंगाला लागून राहिलं. माघात तो जळगाव जामोदला तेलगिरणीत रुजू झाला. अकोटचा माणूस काच झाडत नव्हता, मॅनेजर त्याला कंटाळला होता. गुलाबरावनं दाखला भिंतीवर लावायच्या आधी मॅनेजरकडून लिहून घेतलं, की नोकरी सुटेल त्या दिवशी तो परत मिळेल. मॅनेजरनं हसत सही केली. गुलाबराव हसला नाही.

पहिला पगार हातात पडल्यावर तो सुट्टी काढून वडनेरला गेला. निवृत्ती शेतातून आला, हात न धुताच बसला.

"परीक्षा देतो का?" गुलाबरावनं विचारलं.

"मी? मले लिवता येत नाही धड."

"तोंडी इचारते. मी शिकवतो. समदं शिकवतो आता."

परीक्षेला बसायचं तर बॉयलरवर किती वर्षं काम केलं याचं पत्र लागणार होतं, आणि ते उत्तमरावांच्या कचेरीतून. निवृत्तीचे पाय उचलेनात. गुलाबराव त्याला घेऊन खामगावला गेला. दोघं कचेरीच्या दारात उभे राहिले. रंगरावनं मान वर केली आणि गुलाबरावला पाहिलं.

"बसा," तो म्हणाला. त्यानं दौत पुढं ओढली. "पूर्ण नाव काय निवृत्तीचं?"

पत्र एका झटक्यात झालं. खाडाखोड नव्हती.

वर्षभर निवृत्ती दर पंधरा दिवसांनी जळगावला यायचा. गुलाबराव त्याला बॉयलरपुढं उभा करून प्रश्न विचारी आणि चुकलं की जेवायला वाढू देत नसे. पहिल्या वेळी तो नापास झाला. पाणी दिसलं नाही तर काय करशील, हे त्याला बिनचूक आलं, वाफ जास्त झाली तर काय, हे आलं नाही. गुलाबरावनं त्याला शिव्या दिल्या आणि पुन्हा बसवलं. दुसऱ्या वेळी तो पास झाला.

उत्तमरावांनी ताबडतोब माणूस पाठवला, की निवृत्तीनं यावं, मागचं विसरावं. त्यांचा अकोल्याचा माणूस निम्म्या हंगामात सोडून गेला होता. निवृत्तीनं मलकापूरची नोकरी धरली.

दोन्ही वेळच्या फिया, दोन्ही वेळचं नागपूरचं भाडं आणि साहेबापुढं उभं राहायला शिवलेला एक सदरा, एवढं गुलाबरावच्या त्या वर्षीच्या पगारातून गेलं.